वेळ, टर्मिनल आणि वापरकर्ता पाहून लॉगिन : संगणक प्रयोगशाळेच्या प्रकल्प नोंदी

सोमवार, ९ जून २०२५ : व्याप्ती

महाविद्यालयातल्या दोन प्रयोगशाळांतली डेस्कटॉप यंत्रं आणि एक सामायिक सर्व्हर. सगळीकडे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. डेस्कटॉपवर एक्सएफसीई हे ग्राफिकल वातावरण आणि लाइटडीएम हा लॉगिनचा पडदा, सर्व्हरवर फक्त एसएसएच, म्हणजे नेटवर्कवरून सुरक्षित लॉगिन (त्याची सेवा एसएसएचडी). खाती स्थानिक आहेत आणि अनेक यंत्रांवर एकदम बदल करणाऱ्या अ‍ॅन्सिबलने पसरवली जातात. विद्यार्थ्यांच्या खात्यांची नावं ‘एसटी’ने सुरू होतात, संशोधकांची ‘आरएस’ने, परीक्षेच्या खात्यांची ‘ईएक्स’ने. शिक्षक आणि प्रयोगशाळा सहायक ‘लॅबस्टाफ’ या गटात आहेत.

ठरलेलं असं. विद्यार्थी सोमवार ते शुक्रवार ९:३० ते १८:००, शनिवारी ९:३० ते १३:३०, तेही फक्त ग्राफिकल पडद्यावरून. सर्व्हरवर त्याच वेळेत, पण प्रयोगशाळेच्या नेटवर्कमधूनच. संशोधक सर्व्हरवर रात्री. लॅबस्टाफला वेळेचं बंधन नाही. रूट, म्हणजे सर्वाधिकार असलेलं खातं, फक्त समोर बसून.

वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. लिनक्समध्ये लॉगिनची तपासणी करणाऱ्या पॅम या यंत्रणेतले दोन मॉड्यूल पुरतात : वेळेसाठी पॅम_टाइम, आणि कोण कुठून येतो यासाठी पॅम_अ‍ॅक्सेस. दोघांच्या फाइली /ईटीसी/सिक्युरिटी या डिरेक्टरीत, टाइम.कॉन्फ आणि अ‍ॅक्सेस.कॉन्फ. खाती सांभाळणाऱ्या जुन्या शॅडो पॅकेजमध्ये हेच काम पोर्टटाइम नावाची फाइल करायची, त्यात टर्मिनल, वापरकर्ता आणि वेळ असे तीनच रकाने. पॅम असलेल्या यंत्रांवर तिचा विचार नको.

या नोंदींत फाइलींची नावं आणि नियमांच्या ओळी नागरीत लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन अक्षरांत आणि रोमन आकड्यांतच टाइप करायच्या.

बुधवार, ११ जून : मॉड्यूलची ओळ कुठे घालायची

पॅम_टाइम फक्त ‘अकाउंट’ या प्रकारात काम करतो. पासवर्ड बरोबर ठरल्यावर ‘या खात्याला आत्ता येऊ द्यायचं का’ हा प्रश्न जिथे विचारला जातो, तो हा टप्पा. याचा मोठा फायदा एसएसएचवर होतो. पासवर्डऐवजी कळ (की) वापरून आलेल्याचा ‘ऑथ’, म्हणजे ओळख पटवण्याचा टप्पा पॅमकडे जातच नाही, पण ‘अकाउंट’ टप्पा होतो, म्हणून कळवाल्यालाही वेळेचा नियम लागतो. त्यासाठी एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये ‘यूजपॅम येस’ हवं. डेबियनमध्ये ते असतंच, तरी पाहून घेतलं.

सगळीकडे एकदम लागू व्हावं म्हणून कॉमन-अकाउंट फाइलीत ओळ घालायचा मोह होतो. तिथे हात लावायचा नाही, याला दोन कारणं आहेत.

पहिलं, त्या फाइलीतली खातं तपासणारी पॅम_युनिक्सची ओळ ‘सक्सेस=१’ अशी असते. म्हणजे खातं ठीक असेल तर पुढची एक ओळ ओलांडायची. ती पुढची ओळ पॅम_डिनायची, म्हणजे नकाराची, त्यानंतर पॅम_परमिट, म्हणजे परवानगीची. आता पॅम_युनिक्सच्या लगेच खाली पॅम_टाइम घातला तर उडी पॅम_टाइमवरून जाते आणि थेट पॅम_डिनायवर पडते. परिणाम : सगळी खाती बंद, रूटसुद्धा, आणि लॉगमध्ये वेळेचा उल्लेखही नाही. लोक मग टाइम.कॉन्फमध्ये चूक शोधत बसतात, आणि ती तिथे नसते.

दुसरं, क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारा), सूडो आणि सू (दुसऱ्या खात्याच्या नावाने काम करू देणारे) हे सगळे कॉमन-अकाउंट वाचतात. टाइम.कॉन्फमध्ये सेवेच्या जागी तारा (*, म्हणजे ‘काहीही’) टाकलेला असेल तर रात्रीची क्रॉनची कामं वेळेबाहेर म्हणून नाकारली जातात. बॅकअप चालला नाही हे कळतं तेव्हा बॅकअपची गरज पडलेली असते.

म्हणून ओळ प्रत्येक सेवेच्या स्वतःच्या फाइलीत : /ईटीसी/पॅम.डी मधल्या लॉगिन, लाइटडीएम आणि एसएसएचडी या तिन्हींत, कॉमन-अकाउंटच्या इन्क्लूडच्या आधी. डेबियनच्या लॉगिन फाइलीत पॅम_टाइमची ओळ आधीच आहे, फक्त पुढे हॅशचं (#) चिन्ह आहे.

गटाचा प्रश्न इथेच सोडवावा लागतो. पॅम_टाइमला युनिक्सचे गट कळत नाहीत, त्याला वापरकर्त्याचं नाव कळतं किंवा ‘@’ लावलेला नेटग्रुप, म्हणजे वेगळ्या यादीत ठरवलेला गट. लॅबस्टाफमधलं एकेक नाव टाइम.कॉन्फमध्ये लिहिलं तर कुणी नवीन रुजू झालं की फाइल बदलायची. त्यापेक्षा पॅम_टाइमच्या आधी एक ओळ घातली :

अकाउंट [सक्सेस=१ डिफॉल्ट=इग्नोर] पॅम_सक्सीड_इफ.एसओ क्वायट यूजर इनग्रुप लॅबस्टाफ
अकाउंट रिक्वायर्ड पॅम_टाइम.एसओ

गटात असेल तर पॅम_टाइम ओलांडला जातो, नसेल तर तपासला जातो. इथेही उडीच आहे, तेव्हा या दोन ओळींच्या मध्ये पुढे कुणी तिसरी घालू नये अशी टीप फाइलीतच लिहिली.

गुरुवार, १२ जून : टाइम.कॉन्फ

एका ओळीत चार रकाने, मध्ये अर्धविराम : सेवा, टर्मिनल, वापरकर्ता, वेळ. सेवेचं नाव म्हणजे पॅम.डी मधल्या फाइलीचं नाव. तिथे ‘एसएसएचडी’ऐवजी ‘एसएसएच’ लिहिलं तर ओळ कधीच जुळत नाही, आणि न जुळणारी ओळ म्हणजे मोकळं दार. या मॉड्यूलचा मूळ स्वभाव परवानगी देण्याचा आहे. कुठलाही नियम लागू झाला नाही तर माणूस आत येतो.

दिवसांसाठी दोन-दोन अक्षरं : एमओ, टीयू, डब्ल्यूई, टीएच, एफआर, एसए, एसयू. सोमवार ते शुक्रवार डब्ल्यूके, शनिवार-रविवार डब्ल्यूडी, सगळे सात दिवस एएल. त्याला चिकटून चोवीस तासांच्या घड्याळाने वेळ. दिवस दोनदा आला की तो रद्द होतो. ‘एएलएसयू’ म्हणजे रविवार धरून सगळे दिवस नव्हे, रविवार सोडून सगळे. ‘डब्ल्यूकेएसए’ मात्र सरळ सोमवार ते शनिवार, कारण डब्ल्यूकेमध्ये शनिवार नाहीच.

आता या फाइलीत सगळ्यात जास्त चुकतं ते. विद्यार्थ्यांच्या दोन वेळा आहेत, तेव्हा दोन ओळी लिहाव्यात असं साहजिक वाटतं :

लाइटडीएम ; * ; एसटी* ; डब्ल्यूके०९३०-१८००
लाइटडीएम ; * ; एसटी* ; एसए०९३०-१३३०

यात कुणालाच, कधीच प्रवेश मिळत नाही. पॅम_टाइम सगळ्या ओळी वाचतो. सेवा, टर्मिनल आणि वापरकर्ता जुळलेली प्रत्येक ओळ वेळेतही बसली पाहिजे. बुधवारी पहिली ओळ बसते, दुसरी नापास होते आणि नकार मिळतो. शनिवारी उलट. वेळेचे पर्याय एकाच ओळीत उभ्या रेघेने जोडायचे :

लाइटडीएम* ; * ; एसटी* ; डब्ल्यूके०९३०-१८०० | एसए०९३०-१३३०

यातून निघणारी दुसरी गोष्ट : खाली ओळ वाढवून कुणाला जादा सवलत देता येत नाही. एखाद्या विद्यार्थ्याला संध्याकाळी सातपर्यंत थांबू द्यायचं असेल तर आधी त्याला मूळ ओळीतून वगळायचं, ‘एसटी* & !एसटी२४१७’ असं, आणि मग त्याच्यासाठी स्वतंत्र ओळ. नुसती ओळ वाढवली की बंधन फक्त घट्ट होतं.

लाइटडीएमपुढे तारा मुद्दाम ठेवला आहे. आपोआप लॉगिनची सेवा वेगळी असते, लाइटडीएम-ऑटोलॉगिन. पाहुण्यांसाठी कुणी ती चालू केली तर तारा नसलेली ओळ तिला लागणार नाही. तिच्या पॅम फाइलीतही पॅम_टाइमची ओळ घातली.

संशोधकांची रात्र : एसएसएचडी ; * ; आरएस* ; डब्ल्यूकेएसए१८००-०८००. शेवटची वेळ सुरुवातीपेक्षा लहान असली की ती दुसऱ्या दिवसाची धरली जाते. दिवस मात्र सुरुवातीचा मोजला जातो. म्हणून शनिवारी रात्री सुरू झालेली मुदत रविवारी सकाळी आठपर्यंत चालते, पण सोमवारी पहाटे तीनला लॉगिन होत नाही, कारण ती रात्र रविवारची. संशोधकांना हे लेखी कळवलं.

सोमवार, १६ जून : टर्मिनलची खरी नावं

टर्मिनलच्या रकान्यात अंदाज चालत नाही. ग्राफिकल पडदा सातव्या कन्सोलवर दिसतो म्हणून ‘टीटीवाय७’ लिहिलं तर नियम लागत नाही. लाइटडीएम पॅमला टर्मिनल म्हणून एक्स या ग्राफिकल यंत्रणेच्या डिस्प्लेचं नाव देतो, ‘:०’. वापरकर्ता बदलून दुसरं सत्र उघडलं की ते ‘:१’ होतं. शोधायची सोपी रीत : मुद्दाम चुकीचा पासवर्ड टाकायचा आणि जर्नलमध्ये (यंत्राच्या नोंदवहीत) पॅम_युनिक्सच्या ओळीत ‘टीटीवाय=’ पुढे काय आहे ते वाचायचं. जीडीएम हा दुसरा लॉगिन पडदा असलेल्या यंत्रावर तिथे /डेव्ह/टीटीवाय१ असं दिसतं आणि सेवेचं नाव जीडीएम-पासवर्ड असतं. एका यंत्रावरचा नियम दुसरीकडे डोळे मिटून नेऊ नये.

एसएसएचचं याहून फसवं. लॉगिन झाल्यावर माणूस पीटीएस/० या आभासी टर्मिनलवर दिसतो, पण तपासणीच्या क्षणी ते टर्मिनल अजून तयारच झालेलं नसतं. एसएसएचडी तेव्हा टर्मिनलच्या जागी ‘एसएसएच’ हा शब्द देतो. ‘पीटीएस/*’ लिहिलेली ओळ कायम निष्प्रभ राहते. तिथे तारा ठेवावा.

मजकुरी कन्सोल सगळ्यांना बंद, रूट आणि लॅबस्टाफ सोडून :

लॉगिन ; टीटीवाय* & !टीटीवायएस* ; !रूट ; !एएल००००-२४००

वेळेपुढचं उद्गारचिन्ह म्हणजे ‘ही वेळ सोडून’, आणि सगळ्या वेळा सोडल्या की उरतं शून्य. टीटीवायएस* वगळलं आहे कारण सर्व्हरचा सिरियल कन्सोल दुरुस्तीसाठी लागतो.

बुधवार, १८ जून : अ‍ॅक्सेस.कॉन्फ

ही फाइल टाइम.कॉन्फच्या नेमकी उलट वागते. इथे वरून खाली वाचत पहिली जुळलेली ओळ निकाल देते आणि वाचन तिथेच थांबतं. एकच गोष्ट दोघींत सारखी : काहीच जुळलं नाही तर प्रवेश. म्हणून इथे शेवटी नकाराची ओळ हवीच. तशी ओळ टाइम.कॉन्फच्या शेवटी घातली असती तर मात्र सगळं कुलूपबंद झालं असतं. दोन्ही फाइली एकाच माणसाने एकाच बैठकीत लिहिल्या की हा फरक हमखास निसटतो, म्हणून प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर एका वाक्यात तिची रीत लिहून ठेवली.

सर्व्हरवरच्या ओळी, रकान्यांमध्ये विसर्ग-चिन्हासारखे दोन टिंब, अधिक म्हणजे प्रवेश, उणे म्हणजे नकार (स्टूडंट आणि रिसर्च हे विद्यार्थ्यांचे आणि संशोधकांचे गट) :

+ : (लॅबस्टाफ) : ऑल
+ : (स्टूडंट) : १९२.१६८.१०.०/२४
+ : (रिसर्च) : ऑल
+ : रूट : क्रॉन टीटीवाय१ टीटीवायएस०
- : ऑल : ऑल

गटाचं नाव कंसात लिहायचं, नाहीतर त्याच नावाच्या वापरकर्त्याशी घोळ होऊ शकतो. युनिक्सचे गट इथे चालतात, ही पॅम_टाइमपेक्षा मोठी सोय. रूटच्या ओळीत ‘क्रॉन’ आहे कारण दूरचा पत्ता नसतो तेव्हा टर्मिनलचं नाव तपासलं जातं, आणि क्रॉन आपलं टर्मिनल ‘क्रॉन’ असं सांगतो. आज क्रॉनच्या फाइलीत पॅम_अ‍ॅक्सेस नाही, पण पुढे कुणी घातला तर रूटची कामं थांबू नयेत.

संगणकांची नावं न लिहिता आकडी पत्ते लिहिले. सीव्हीई-२०२४-१०९६३ या क्रमांकाची सुरक्षा-त्रुटी याच जागची : या फाइलीतला ‘टीटीवाय१’सारखा शब्द मॉड्यूल संगणकाचं नाव म्हणूनही तपासत असे. त्यामुळे संगणकांच्या नावांचे पत्ते देणाऱ्या डीएनएसमध्ये तसं नाव उभं करू शकणारा दूरचा माणूस स्थानिक नियमात बसू शकत होता. सर्व्हरवर सुरक्षा-अद्यतनं लावून घेतली, आणि एसएसएचडीच्या कॉन्फिगमध्ये रूटचं लॉगिन स्वतंत्रपणे बंद केलं. टर्मिनलच्या नावावर विसंबणारा नियम जाळ्यावरून येणाऱ्या सेवेसाठी एकमेव आडकाठी म्हणून ठेवू नये.

शनिवार, २१ जून : चाचणी

संध्याकाळ व्हायची वाट पाहत बसायची गरज नाही. पॅमटेस्टर (पॅमची तपासणी हाताने चालवणारं) आणि फेकटाइम (प्रोग्रामला खोटी वेळ दाखवणारं) ही दोन्ही पॅकेजं डेबियनमध्ये आहेत. रूट म्हणून :

फेकटाइम '२०२५-०६-२५ १९:००' पॅमटेस्टर -आय टीटीवाय=:० लाइटडीएम एसटी२४०१ एसीसीटी_एमजीएमटी

२५ जून बुधवार. सातला नकार, दुपारी बाराला होकार आला पाहिजे. तपासलेल्या वेळा कडेच्या : ९:२९, ९:३०, १७:५९, १८:०१, शनिवार १३:२९ आणि १३:३१, रविवार दुपार. संशोधकांसाठी रविवार सकाळी सात आणि सोमवार पहाटे तीन. प्रत्येक वेळ एसटी, आरएस, लॅबस्टाफ आणि रूट या चौघांवर, एका छोट्या शेल स्क्रिप्टमधून. ही स्क्रिप्ट नियमांइतकीच महत्त्वाची आहे. फाइल बदलली की ती चालवल्याशिवाय अ‍ॅन्सिबलने पुढे जायचं नाही असं लावलं.

बदल करताना दुसऱ्या कन्सोलवर रूटचं शेल उघडं ठेवायचं. चाललेल्या सत्राला हे मॉड्यूल हात लावत नाही, त्यामुळे चूक झाली तरी तिथून परत फिरता येतं. दोन्ही कॉन्फ फाइली प्रत्येक लॉगिनला नव्याने वाचल्या जातात, कुठलीच सेवा पुन्हा सुरू करावी लागत नाही.

नकार मिळालेल्या विद्यार्थ्याला पडद्यावर कारण दिसत नाही, तो पासवर्ड चुकला समजून पुन्हा पुन्हा टाकत राहतो. वेळापत्रकाचं चित्र करून लाइटडीएमच्या लॉगिन पडद्याची पार्श्वभूमी म्हणून लावलं. सर्व्हरवर जर्नलमध्ये ‘पॅमच्या अकाउंट कॉन्फिगरेशनमुळे प्रवेश नाकारला’ अशा अर्थाची ओळ एसएसएचडी लिहितो, तीच शोधायची.

मंगळवार, २४ जून : घड्याळ

वेळेचा नियम घड्याळाइतकाच खरा. तीन ठिकाणी बिघडतं.

दुसऱ्या प्रयोगशाळेत यंत्रांवर विंडोजही आहे. विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, लिनक्स तीच यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, समजतं आणि तिच्यात साडेपाच तास मिळवतं. विंडोज बंद करून दुपारी एकला लिनक्स सुरू केलं की यंत्राच्या मते साडेसहा वाजलेले असतात आणि विद्यार्थी बाहेर राहतो. थोड्या वेळाने क्रोनी हा घड्याळ जुळवणारा प्रोग्राम वेळ दुरुस्त करतो आणि लॉगिन व्हायला लागतं. ‘मधूनच चालतं, मधूनच नाही’ अशी तक्रार आली की आधी हे पाहावं. उपाय विंडोजच्या बाजूने केला, त्याला मदरबोर्डचं घड्याळ यूटीसी मानायला लावलं. लिनक्सला स्थानिक वेळ मानायला लावता येतं, पण टाइमडेटसीटीएल ही घड्याळाची आज्ञा स्वतःच त्याबद्दल इशारा देते.

मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला की यंत्र जुन्याच कुठल्यातरी तारखेला जागं होतं. तो दिवस रविवार निघाला तर सगळे बाहेर. जुन्या यंत्रांचे सेल एकगठ्ठा बदलून घेतले. सुरू होताना क्रोनीने वेळ एकदम पुढेमागे करावी म्हणून ‘मेकस्टेप १ ३’ ही ओळ कॉन्फिगमध्ये आहे ना तेही पाहिलं.

सर्व्हरची प्रतिमा (इमेज) यूटीसीवर होती. तिथे ०९३०-१८०० म्हणजे आपल्याकडे दुपारी तीन ते रात्री साडेअकरा. हिशेब करून ०४००-१२३० लिहिता येतं, पण रात्रीच्या मुदतीत वारही सरकतात. सर्व्हरचा टाइमझोन आशिया/कोलकाता केला आणि सर्व्हर एकदा रीबूट केला.

शुक्रवार, २७ जून : वेळ संपल्यावर

पॅम_टाइम दारावर अडवतो, आत असलेल्याला उठवत नाही. १७:५५ ला आलेला विद्यार्थी रात्रभर बसू शकतो. सत्र बंद करायचं काम वेगळं.

यंत्रावरच्या सेवा चालवणाऱ्या सिस्टमडीचा टाइमर केला, सोमवार ते शुक्रवार १८:०५, शनिवारी १३:३५. दार बंद झाल्यानंतरची वेळ हवी, आधी उठवलं तर लोक लगेच परत लॉगिन करतात. स्क्रिप्ट लॉगिनसीटीएलकडून सत्रांची यादी घेते, ज्याचा गट स्टूडंट आहे त्याच्यावर ‘टर्मिनेट-यूजर’ चालवते. यूआयडी (खात्याचा क्रमांक) १००० च्या वरचे सगळे, असा निकष लावू नये, त्यात लॅबस्टाफही सापडतो. नुसतं डेस्कटॉप सत्र संपवण्यापेक्षा टर्मिनेट-यूजर बरं, कारण डेबियनमध्ये लॉगआउटनंतर टीमक्ससारख्या प्रक्रिया मागे राहू दिल्या जातात.

टाइमरमध्ये ‘पर्सिस्टंट’ चालू करायचं नाही. वीज गेल्यामुळे संध्याकाळची वेळ चुकली तर पर्सिस्टंट टाइमर दुसऱ्या दिवशी यंत्र सुरू होताच धावतो, म्हणजे सकाळच्या पहिल्या बॅचवर.

इशारा १७:४५ आणि १७:५५ ला. टर्मिनलवर संदेश पाठवणाऱ्या ‘वॉल’चा संदेश ग्राफिकल पडद्यावर दिसत नाही. त्या वापरकर्त्याच्या नावाने, डी-बसचा (प्रोग्रामांमधल्या संदेशमार्गाचा) पत्ता /रन/यूजर/ पुढे त्याचा यूआयडी आणि /बस असा देऊन, नोटिफाय-सेंड चालवावा लागतो.

एक बारकावा. कुलूप लावलेला पडदा लाइट-लॉकर लाइटडीएममार्फतच उघडतो, आणि तिथे अकाउंट टप्पा पुन्हा होतो. १७:५० ला कुलूप लावून गेलेला विद्यार्थी १८:०१ ला आला तर आपलं काम जतन करायलाही आत जाऊ शकत नाही. पहिल्या इशाऱ्यातच ‘आत्ता जतन करा, सहानंतर कुलूप उघडणार नाही’ असं लिहिलं.

मंगळवार, १ जुलै : मागची दारं

विद्यार्थ्याला क्रॉन आणि एकदाच ठरल्या वेळी काम चालवणारा अ‍ॅट मोकळे असतील तर वेळेबाहेरही त्याचं काम त्याच्या नावाने चालतं. /ईटीसी मध्ये क्रॉन.अलाउ आणि अ‍ॅट.अलाउ करून दोन्हींत फक्त रूट आणि सेवांची खाती ठेवली. ‘सू’च्या पॅम फाइलीतली पॅम_टाइमची तयार ओळ उघडली आणि टाइम.कॉन्फमध्ये सेवेचा रकाना ‘सू | सू-एल’ असा धरला. ‘सू -’ ही वेगळी सेवा आहे, तिच्यासाठीही पॅम.डी मधली फाइल पाहावी लागते.

शुक्रवार, ४ जुलै : सुट्ट्या आणि परीक्षा

पॅम_टाइमला वार कळतो, तारीख कळत नाही. १५ ऑगस्टला शुक्रवार आहे, २७ ऑगस्टच्या गणेश चतुर्थीला बुधवार. त्याच्या लेखी दोन्ही कामाचे दिवस. /ईटीसी/नोलॉगिन ही फाइल ठेवली तर रूटखेरीज सगळेच अडतात, लॅबस्टाफही, म्हणून ती नको. टाइम.कॉन्फच्याच तीन आवृत्त्या केल्या : रोजची, सुट्टीची, परीक्षेची. सुट्टीच्या फाइलीत एसटी* आणि आरएस* ना ‘!एएल००००-२४००’. आदल्या रात्री अ‍ॅन्सिबल योग्य ती फाइल बसवतं, सुट्ट्यांची यादी एका साध्या मजकूर फाइलीत आहे आणि ती कार्यालयाच्या परिपत्रकावरून भरायची.

परीक्षेच्या फाइलीत एसटी* बंद, ईएक्स* ना ०९४५-१४१५. पेपर १०:०० ते १३:०० असला तरी शेवट सव्वा तासाने पुढे ठेवला आहे. पेपर चालू असताना वीज गेली आणि पेपरची वेळ वाढवून दिली, तर यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर विद्यार्थ्याला परत लॉगिन करावं लागतं. दार तेव्हा बंद असता कामा नये. परीक्षा शनिवारी असेल तर १३:३५ चा टाइमर त्या दिवसापुरता थांबवायचा. तो स्टूडंट गट पाहतो, आणि ईएक्स खातीही त्याच गटात आहेत.

उरलेलं काम : ईएक्स खात्यांसाठी स्वतंत्र गट करणं, आणि सुट्टीच्या फाइलीवर चाचणीची स्क्रिप्ट १५ ऑगस्टची तारीख घालून चालवणं. लॅबस्टाफला होकार, बाकी तिघांपैकी एसटी आणि आरएसला नकार, रूटला कन्सोलवर होकार, असा निकाल अपेक्षित आहे.